दारव्ह्याला आलेला समुद्रातला झिंगा

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात कापूस घराघरात पडून होता, पण पाहुण्यांचं पीक मात्र भरघोस आलं होतं. दिल्लीचे आले, मुंबईचे आले, गळ्यात कॅमेरे अडकवलेले आले. कापसाचं काय बिनसलं ते बघायला यायचे, शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभं राहून माना हलवायचे आणि जेवणाच्या वेळेला यवतमाळच्या विश्रामगृहावर बरोबर हजर व्हायचे. अशाच एका अभ्यासगटात आमचे भासरे होते. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ, मुंबईत मोठ्या सरकारी पदावर. जन्म दारव्ह्याचा, शाळा दारव्ह्याची, आणि आता साहेब आपल्याच गावाचा अभ्यास करायला निघाले होते. बसा बोंबलत!

सासूबाई मात्र त्यांची वाट बघत होत्या, आणि त्यांच्या वाट बघण्याला कारण होतं. एका डोळ्यानं त्यांना दिसेनासं झालं होतं आणि दुसरा हळूहळू चालला होता. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आतल्या पडद्याचं काम आहे, मोठ्या दवाखान्यात न्या, उशीर करू नका. आमच्या ह्यांनी लगेच नागपूरची तयारी केली. पण भासऱ्यांचा फोन आला, ‘दिवाळी झाली की मी येतो, आईला मुंबईला नेतो, तिथं माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत.’ झालं. सासूबाईंनी नागपूरचं नावच टाकलं. ‘मोठा नेतो म्हणते ना? मंग मोठाच नेईन.’ दिवाळी झाल्याबरोबर त्यांनी पिशवी भरून ठेवली. दोन लुगडी, शाल, तुळशीची माळ आणि नातवंडांसाठी तिळाचे लाडू. कोणी पिशवी हलवली की त्या चाचपडत येऊन परत दाराजवळ ठेवायच्या.

भासरे आले ते स्वतःच्या गाडीनं, मुंबईहून थेट. ड्रायव्हरनं मागचं दार उघडलं आणि आतून आधी उतरला तो थर्मोकोलचा एक भला मोठा डबा. त्याच्यावर शाल पांघरलेली! माझी सासू ‘आला का रे बाप्पा’ म्हणत दारात उभी, आणि भासरे त्या डब्याला हात लावून ‘सांभाळून, सांभाळून’ करताहेत.

डब्यात लॉबस्टरच्या, म्हणजे समुद्रातल्या मोठ्या झिंग्याच्या, शेपट्या होत्या. आम्हाला बाजारातला सुका झिंगा माहीत, चिमटीत मावणारा. ह्या एकेक शेपट्या हाताच्या पंजाएवढ्या, वर टणक कवच. भासरे पुढच्या खोलीत बसून सांगत होते, ‘रस्त्यात जिथं बर्फ दिसला तिथं गाडी थांबवली. उन्हाची बाजू बदलली की डबा सरकवायचा. मी स्वतः मागे बसलो त्याच्याजवळ. फार नाजूक असतं हे.’ पुढच्या खोलीत आमचा त्या सालचा कापूस होता, भाव नाही म्हणून खिडकीपर्यंत रचलेला. साहेबांनी त्या ढिगाला टेकून फोटो काढून घेतला, चेहरा अगदी दुःखी करून. मग पाठ खाजवत बसले. त्या कापसानं अंगाला खाज सुटते, एवढंसुद्धा ते विसरले होते, आणि अभ्यास म्हणे कापसाचा!

आमच्या घरी सून भासऱ्यांशी तोंडाला तोंड देऊन बोलत नाही. डोक्यावर पदर घ्यायचा, दाराआडून ऐकायचं, सांगायचं असेल ते नवऱ्याकडून सांगायचं. त्यामुळे माझं सगळं बोलणं त्या दिवशी पाट्या-वरवंट्यानं ऐकलं.

मटण-मासळी आमच्या घरात शिजत नाही. मागच्या अंगणात चूल, तिथली भांडी वेगळी, आणि रांधणारा बाप्या. आमचे हे मटणाची भाजी करण्यात पटाईत, गावजेवणाला त्यांना बोलावणं असतं. पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा, भारा आणून त्यांनी चूल पेटवली. भासरे खुर्ची टाकून बसले आणि शिकवू लागले.

‘अरे, कवच चिरायचं, लोण्यात लसूण टाकायचा, पाच मिनिटं. वरून लिंबू. संपलं.’

‘दादा, पाच मिनिटात अंडं नाही शिजत,’ हे म्हणाले. ‘तब्येत बिघडवाची हाये काय?’

तरी भावाचा मान म्हणून त्यांनी लोण्यात टाकल्या. मांस पांढरं झालं, ह्यांनी बोटानं दाबून पाहिलं आणि मान हलवली. ‘दबते. कच्चं हाये.’ आमच्याकडे मटण शिजलं की नाही ते असंच बघतात, बोटानं दाबायचं, हाडापासून सुटलं की झालं. आता सांगा, भासऱ्यांना खरंच ठाऊक असतं तर त्यांनी तिथंच थांबवायला नको? पण ते उठले, वाकून पाहिलं, आणि आतला दारव्हेकर जागा झाला. म्हणाले, ‘हो रे, कच्चंच वाटतं. ठेव थोडं.’

मग काय विचारता! भाजलेलं खोबरं, खसखस, कांदा, दगडफूल, तिखट, सगळं मी वाटून दिलं आणि शेपट्या रश्श्यात उकळायला पडल्या. अर्ध्या तासानं ह्यांनी दाबून पाहिलं, आता त्या आणखी कडक लागल्या. म्हणजे अजून शिजायच्याच आहेत! पुन्हा पऱ्हाटी घातली. तासाभरानं पाहिलं, त्याहून कडक. ‘शिजूनच नाही राह्यलं बाप्पा,’ असं म्हणत दोघं भाऊ चुलीत जाळ घालत बसले, एक सरकारी अभ्यासक आणि एक मटणातला उस्ताद. पुढं कितीतरी वर्षांनी टीव्हीवर एका बाईनं ते पाच मिनिटात करून दाखवलं, तेव्हा कळलं की जास्त शिजवलं की ते कडकच होत जातं. एवढ्या जाळात आमच्या घरी आठवड्याभराचा स्वयंपाक झाला असता.

पंगत बसली. रस्सा झकास झाला होता, रस्सा आमचा होता. शेपट्या म्हणजे सायकलच्या ट्यूबचे तुकडे. भासरे चावत होते, चावत होते आणि ‘वा, काय टेक्स्चर आहे’ म्हणत होते. माझं हसू मी पदरात दाबलं. सासूबाईंना वरचे दात नव्हते. भासऱ्यांनी मोठा तुकडा स्वतःच्या हातानं त्यांच्या ताटात वाढला आणि विचारलं, ‘कसं झालंय, आई?’

‘लय नरम झालं रे,’ सासूबाई म्हणाल्या.

जेवण आटोपलं, हात धुतले, आणि भासऱ्यांनी घड्याळ पाहिलं. सासूबाई पिशवी काखेत घेऊन दारात येऊन बसल्या होत्या. भासऱ्यांनी ती पिशवी पाहिली. खोकले. मग ह्यांच्याकडे बघून म्हणाले, ‘मी काय म्हणतो, एवढा प्रवास आईला झेपायचा नाही. दोन दिवस गाडीत, ऊन, धूळ. ह्या वयात रिस्क नको. पुढच्या खेपेला बघू.’

 मोठ्या भावापुढे हे नेहमीच गप्प. सासूबाईंनी पिशवीवरचा हात काढला नाही, फक्त मान आवाजाच्या दिशेला वळवली. ते बघून माझं डोकं फिरलं. पदर डोक्यावर तसाच ठेवला आणि लग्नानंतर पहिल्यांदा भासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिले.

‘दादा, त्या झिंग्यांले झेपला ना एवढा प्रवास? मंग आईले काहून नाही झेपत? मागची जागा तर आता रिकामी हाये.’

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. भावाला म्हणाले, ‘हिला सांग, भावनेच्या भरात असे निर्णय होत नसतात.’ जणू मी त्यांच्या अभ्यासगटापुढे अर्ज घेऊन उभी होते. आईच्या पाया पडले, गाडीत बसले आणि गेले. डब्यावरची शाल आठवणीनं घेऊन गेले, रिकामा डबा आमच्या अंगणात टाकून.

गाडीचा आवाज गेला तशा सासूबाई माझ्यावरच उखडल्या. ‘भासऱ्याले असं तोंडावर बोलते का वो? केवढं वाईट वाटलं असन त्याले!’

‘अन् तुमाले?’ मी विचारलं.

त्यांनी पिशवी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, लाडू काढून घे, मुंग्या लागतीन.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंचं लुगडं धुवायला घेतलं तर पदराच्या टोकाला गाठ. सोडून पाहिली, आत तो तुकडा. चावून चावून पांढरा पडलेला, न तुटलेला. मी तो उकिरड्यावर फेकला आणि मोरीत बसून रडले. रागानं रडले.

पुढची खेप आलीच नाही. होळीनंतर हे सासूबाईंना जवळपास ओढूनच नागपूरला घेऊन गेले. डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारली आणि विचारलं, ‘एवढे दिवस कुठं होता?’ दुसरा डोळाही गेला होता.

त्यानंतर त्या बरीच वर्षं जगल्या. कोणी भेटायला आलं की त्या आवर्जून सांगायच्या, ‘माह्या मोठ्यानं मुंबईहून बर्फात घालून समुद्रातला झिंगा आणलता माह्यासाठी. लय नरम होता.’ पाहुणे ‘वा वा’ करायचे.  मी सासूबाईंचा हात धरून ताटावर न्यायची आणि सांगायची, आई, ही भाकर, ही भाजी, इकडं पाणी आहे.