फिलूमावशीचा नळ

पिंप भरलं की मी लाटण्यानं भिंतीवर ठोकायचे आणि पलीकडून आवाज यायचा, "केला गो बंद!" गिरगावातल्या आमच्या वाडीत माझ्या खोलीला नळच नव्हता. शेजारच्या फिलूमावशीच्या नळाला लावलेला पाइप खिडकीतून माझ्या मोरीत यायचा. मावशी ईस्ट इंडियन, ऑफिसातून रिटायर झालेली, एकटी. रविवारी चर्चला निघाली की ठेवणीतला फ्रॉक आणि लिपस्टिक. एरवी गाउनच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर. त्या पाइपाला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे.

मग घरमालकानं माझ्या दारापाशी नळ दिला, आणि नेमकं तेव्हाच मावशीचं वसईला लेकीकडे जायचं ठरलं. गुडघ्यांना जिना झेपेना. निघायच्या आदल्या दिवशी ती माझ्या दारात स्टूल टाकून बसली. "नवा पाइप तू लाव. मी हात लावनार नाय."

मी पाइप अगदी मापात कापला आणि ताणून बसवला. नळ सोडताच तो निसटला आणि मावशीलाच अंघोळ घडली. "अगो, पानी आलं का पाइप हिसका देतो. त्याला ढील नको?" दुसरा तुकडा सैल घेतला, तर टोक नळावर चढेना. मी दातओठ खाऊन रेटत होते. "जोर कोनाला दाखवतेस? चहाचं आधन आहे ना, त्यात बुडव." गरम पाण्यात टोक मऊ झालं आणि अलगद चढलं. वर क्लिप आवळली.

पुन्हा नळ सोडला. दोघी सांध्याकडे बघत राहिलो. खरं सांगते, तो गळावा असंच मला वाटत होतं. गळला असता तर मला शिव्या घालायला का होईना, ती आणखी एक दिवस राहिली असती. पण थेंब पडला नाही. मावशीनं सांध्याखालून बोट फिरवलं, कोरडं बोट मला दाखवलं. "शिकलीस," एवढंच म्हणाली आणि स्टूल उचलून आपल्या खोलीत गेली.

वर्षाच्या आत वसईहून लेकीचा फोन आला, मावशी गेली. तिच्या खोलीला कुलूप आहे. माझा सांधा अजून गळत नाही, आणि कधीकधी त्याचाच राग येतो. मला मावशी हवी आहे. सकाळी पिंप भरत आलं की हात लाटण्याकडे जातो, भिंतीवर ठोकलंही जातं. मी जरा वेळ थांबते. पाणी पिंपावरून वाहायला लागतं, तेव्हा उठून नळ बंद करते.