दम खायचा दगड

फोन आला तेव्हा मी आणि कालू टेकडी उतरून नाल्याच्या घळीत पोचलो होतो. कालू पुढचे दोन पाय पाण्यात घालून उभा होता. पलीकडून बाबा बोलत होते. पाटणकर काका पहाटे दवाखान्यातच गेले, झोपेत. मी ‘बरं’ म्हटलं. तिथूनच माघारी वळायचं माझ्या मनात होतं. पण कालू रोजच्यासारखा पलीकडच्या माळाचा चढ चढू लागला आणि मीही त्याच्यामागे गेले. उरलेला फेरा आम्ही पूर्ण केला. ते बरोबर केलं की नाही, मला अजून कळत नाही.

काका आमच्या नात्यातले नव्हते. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर उज्जैनमधलं माधव नगर सोडून ते शहराच्या टोकाच्या आमच्या कॉलनीत आले. काकू आधीच वारलेल्या, मुलगा पुण्याला. आम्ही त्यांच्या समोर दोन खोल्यांत भाड्यानं राहतो. बाबा देवास गेटच्या स्टँडवर ऑटो चालवतात. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. कालू हा गल्लीतलाच कुत्रा, काकांनी पाळलेला, काळाकुट्ट, एका कानाचा तुकडा गेलेला. काका आमच्याशी मराठीत बोलत आणि त्याच्याशी हिंदीत. का, तर त्याचं सगळं बालपण हिंदीत गेलेलं, आता म्हातारपणी त्याला कशाला त्रास, असं ते म्हणायचे.

त्यांचं मनगट मोडलं आणि त्यांना कालूची दोरी धरवेना, तेव्हा ते आईला विचारायला आले की तुमची मुलगी सकाळी मोकळी असते का. मला कुत्र्यांची भीती वाटते हे सांगायच्या आत आई हो म्हणून गेली. हात बरा झाला तरी दोरी माझ्याकडेच राहिली. वाट ठरलेली होती. कॉलनीमागची खडकाळ टेकडी चढायची, पळसांमधून नाल्याच्या घळीत उतरायचं, पलीकडचा गवताळ माळ चढायचा आणि गव्हाच्या शेतांच्या कडेनं घरी यायचं. चढावर काका विचारत, काल कॉलेजात काय शिकवलं? वर्गात मी तोंड उघडत नसे, इथे मात्र सांगावंच लागे. एकदा मी म्हटलं, तुम्हाला कंटाळा येत असेल. तर म्हणाले, “कळत काहीच नाही भई. पण तू बोलत असलीस की चढ कळत नाही.”

टेकडीच्या माथ्यावर गुडघ्याएवढा एक सपाट दगड आहे. तिथे बसून काका डोळे मिटत आणि एक हात कालूच्या पाठीवर ठेवत. मला वाटायचं, ते भैरवाचं ध्यान करतात. आमच्या उज्जैनमध्ये काळा कुत्रा म्हणजे भैरवाचं वाहन, त्याला कोणी हाड म्हणत नाही. म्हणून मीही त्यांच्यामागे हात जोडून उभी राहायची. बरेच दिवस हे चाललं. मग एकदा त्यांनी मध्येच डोळे उघडून मागे पाहिलं.

“काय गं, नमस्कार कोणाला?”

“भैरवाला...”

“अगं, मी दम खातोय यार. गुडघे बोलतात माझे.”

खाली उतरेपर्यंत ते मधूनमधून हसत राहिले. पण असं वाटणारी मी एकटी नव्हते. शेळ्या चारणारे, कॉलनीतून फिरायला येणारे, सगळे ते दृश्य रोज बघत होते. एका सकाळी आम्ही वर गेलो तर दगडाला शेंदूर फासलेला, वर झेंडूची दोन फुलं आणि एक लाडू. लाडू कालूनं लगेच खाल्ला. काका काठीवर रेलून बघत राहिले.

“घ्या. आता मी बसू कुठे?”

मी म्हटलं, नाल्यातून पाणी आणून धुऊन टाकू. ते नको म्हणाले. कोणीतरी मनापासून लावलाय, आपण कशाला पुसा. त्या दिवसापासून ते दगडाच्या शेजारी जमिनीवर बसू लागले आणि उठताना रोज कुरकुर करू लागले की देवानं सीट रिझर्व्ह केली, मला साधं विचारलंसुद्धा नाही.

शेवटचं भेटले ते दवाखान्यात. आवाज अगदी बारीक झाला होता. म्हणाले, “कालूला तू ठेवशील?” मला हो म्हणायचं होतं. पण आमचे घरमालक पोपटसुद्धा पाळू देत नाहीत. मी म्हटलं, विचारून सांगते. ते म्हणाले, “हो, विचार.” मग ते माझ्या परीक्षेबद्दल बोलू लागले... सांगायचं राहून गेलं.

काकांचं दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या मुलानं, निखिलदादानं, कालूची सोय लावली. देवासकडे एका ओळखीच्यांचं शेत होतं, ते न्यायला तयार होते. दादाचं काही चुकत नव्हतं. पुण्याला त्याचा फ्लॅट वरच्या मजल्यावर, दोघंही दिवसभर कामाला. सकाळी गाडी येणार होती. आदल्या संध्याकाळी सगळे काकांच्या घरी बसले होते, मी चहा देत होते, आणि कप हातात असतानाच मी म्हणाले, “दादा, कालू आमच्याकडे राहील.” आईनं माझ्याकडे पाहिलं. घरी आल्यावर बाबांनी एवढंच विचारलं की घरमालकाला कोण सांगणार. मी म्हटलं, मी.

घरमालक वरच्याच मजल्यावर राहतात; वर जाताना जिन्यात वाक्यं जुळवत होते. घरमालकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, “वही ना, टेकरी वाले भैरव का कुत्ता?”

नाही, तो फक्त दम खायचा दगड आहे... हे अगदी ओठावर आलं होतं. काकांनी काय म्हटलं असतं, याचा मी थोडा विचार केला.

“जी, वही.”

“तो मैं कौन होता हूँ मना करने वाला?”

आता कालू आमच्या जिन्याखाली झोपतो. सकाळी आम्ही तीच वाट धरतो. दगडाभोवती कोणीतरी विटांचा लहानसा ओटा बांधलाय. परवा गवताचा भारा घेऊन चाललेल्या एका बाईनं वाकून नमस्कार केला आणि मला विचारलं, बहुत पुराना स्थान है न बेटा? मी मान डोलावली.

माथ्यावर पोचलं की कालू शेजारी माणूस बसेल एवढी जागा सोडून बसतो आणि काही केल्या उठत नाही. मला दम लागलेला नसतो. तरी मी त्या जागेवर, जमिनीवर बसते, एक हात त्याच्या पाठीवर ठेवते आणि काल कॉलेजात काय शिकवलं ते सांगते. सांगून झालं की तो उठतो.