इंग्लंडच्या मालिकेतली आमची नर्स

मंडळी, आज यवतला आमच्या घरी माझी चुलत बहीण आली होती. ती इंग्लंडमध्येच वाढली आणि तिथल्या टीव्ही मालिकांत काम करते.

जेवताना म्हणाली, "थकले आता. इतकी वर्षं कधी नर्स, नाहीतर दुकानदाराची बायको. दोन वाक्यं बोलायची आणि निघायचं. सोडून देणार आहे."

मग थोरल्या काकू म्हणाल्या, "एखादं काम दाव की तुझं."

तिनं मोबाईलवर एक प्रसंग लावला. त्यात नर्स झालेली ती एका बाईला तिचा मुलगा गेल्याचं सांगत होती. सांगताना तिनं त्या बाईचा हात धरला होता.

काकूंचा मुलगा कासुर्डीजवळ हायवेवर अपघातात गेलाय.

"मला सांगणाऱ्यानं माझ्याकडं बघितलं बी न्हाई," त्या म्हणाल्या. "तू हात तरी धरलास, पोरी."

"हात धर असं मला कुणी सांगितलं नव्हतं, काकू," ती म्हणाली आणि रडायला लागली.

ती निघाली तेव्हा तिला 'सोडू नकोस' असं मला म्हणावंसं वाटलं. पण तिचा दमलेला चेहरा बघून मला म्हणवलं नाही. तुम्ही म्हणाला असता का?