आधी टेलरला टोचा

उदगीरला भांड्यांचं दुकान चालवणारे माझे मामेसासरे सूर्य पूर्वेला उगवतो यावरसुद्धा गच्चीवर जाऊन खात्री केल्याशिवाय विश्वास ठेवत नाहीत. नांदेडच्या एसटीत बसताना ते पाटी वाचतात, मग कंडक्टरला विचारतात, ड्रायव्हरला विचारतात, आणि गाडी गावाबाहेर पडली की शेजारच्या प्रवाशाला हळूच म्हणतात, "नांदेडलाच चाललोय न्हवं? का हे दोघं मिळून भलतीकडंच नेऊन राहिलेत?" आमच्या लग्नात त्यांनी लग्न लावणाऱ्या स्वामींचं घड्याळ आपल्या घड्याळाशी ताडून पाहिलं, आणि मग माझ्याकडे बोट करून विचारलं, "पोरगा त्योच हाय ना?"

अशा माणसाच्या दारात कोरोनाच्या लशीचा निरोप घेऊन आशाताई आल्या. मामांनी त्यांना चहा पाजला आणि शेजारच्या दुकानाकडे बोट दाखवलं. "आधी टेलरला टोचा. मग बघू." शेजारचे टेलर चाचा म्हणजे मामांचे आयुष्यभराचे भांडणसोबती. चाचांनीही चहा पाजला आणि म्हणाले, "पहले मामाकू देव, बादमें हम." बिचाऱ्या आशाताई आठवडाभर दोन दुकानांत नुसता चहा पीत राहिल्या. ही सुई टोचली की पोरंबाळं होत नाहीत, असं दोघांच्याही मोबाइलवर आलं होतं. "या वयात तुम्हाला लेकरं कशाला हवीत?" असं मामींनी विचारलं, तर मामा म्हणाले, "सवाल लेकरांचा न्हाई, भरोशाचा हाय." पण चाचांच्या मोबाइलवर सुई खास मुसलमानांसाठी आणलीय असं होतं, मामांच्या मोबाइलवर खास लिंगायतांसाठी. दोघांनी मोबाइल शेजारी ठेवून खूप वेळ वाचलं, आणि दोघंही जरा नाराज झाले.

मग दुसऱ्या लाटेत मामींनाच धाप लागली. लातूरच्या दवाखान्यात त्या ऑक्सिजनवर होत्या, आणि बाहेर फुटपाथवर मामा नि चाचा एकमेकांशी न भांडता बसून असायचे. तेवढं मात्र बघवत नव्हतं. मामी बऱ्या होऊन आल्या त्या रिक्षातून उतरेचनात. "दोघंबी सुई टोचून या. तवर मी घरात पाय ठिवत न्हाई."

रिक्षा तशीच सरकारी दवाखान्यात नेली. पहिला नंबर कुणीच घेईना, तेव्हा दोन नर्स दोन बाजूंना उभ्या राहिल्या. मामांनी डोळे मिटून चाचांचं मनगट घट्ट धरलं.

"टोचली का रे तुला?"

"हाव. तेरेकू?"

"मला न्हाई अजून."

"झालं की मामा," नर्स म्हणाली. पुढचा अर्धा तास दोघं एकमेकांच्या तोंडाकडे निरखून बघत होते. "तुझा चेहरा बदलून राहिलाय," मामा म्हणाले. "पहलेसेच ऐसा है," चाचा म्हणाले.

हल्ली चाचा मुलाकडे नांदेडला असतात. शेजारचं शटर बंद असतं. डॉक्टरांनी मामांना नवी गोळी दिली की आधी चाचांना विचारायला नांदेडला फोन जातो. परवा गेलो, तेव्हा मामा तळहातावर गोळी घेऊन बसले होते आणि नांदेडला लावलेला फोन नुसताच वाजत होता.

"घ्या की आता," मामी म्हणाल्या.

"थांब जरा," मामा म्हणाले. "नमाजाला गेला असंल."