मला वाटून दिलेला विषय

"कंपायलर? आणि तू?"

सर एवढंच बोलले आणि खुर्चीत मागे रेलले. चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजातला सेमिनार हॉल. एम.टेक. कॉम्प्युटर. त्या दिवशी प्रत्येकानं आपल्या प्रबंधाचा विषय मांडायचा होता. माझी पहिलीच स्लाइड पडद्यावर होती.

"कंपायलर म्हणजे काय, सांग पाहू सगळ्यांना."

मी सांगितलं. आपण लिहिलेला प्रोग्राम मशीनला समजेल अशा भाषेत उतरवणारा प्रोग्राम. तो उतरवताना फालतूचं काम कसं कमी करता येईल, त्यावर मला काम करायचं होतं. बरोबर सांगत होते मी. सरांनी मध्येच थांबवलं.

"तुमच्या माडियात काय म्हणतात याला?"

हॉल हसला. मीही हसले. न हसणारी मी एकटीच उरले असते.

"हे बघ," सर म्हणाले, "तू एटापल्लीकडची. जंगलातली. तेच तुझं भांडवल. तुमच्या भाषेवर कर काहीतरी. आदिवासी म्हटलं की लोक कान देतात. कंपायलरला डोकं लागतं. ते आहे इथे बऱ्याच जणांकडे."

माझ्यानंतर नागपूरचा एक मुलगा उठला. त्याला बिनड्रायव्हरच्या गाडीवर काम करायचं होतं. त्याची जात कोणती, घरी काय बोलतात, गाव कुठलं, कोणी विचारलं नाही. त्याला आवडत होतं, एवढं पुरलं.

मलाही आवडतच होतं. दुसरं कारण नव्हतं. इंजिनिअरिंगला असताना सुट्टीत मी एकटीनं एक छोटासा कंपायलर लिहिला होता. दोन आकड्यांची बेरीज करायचा, बस. पण ज्या दिवशी त्यानं उत्तर बरोबर दिलं, त्या दिवशी मेसमध्ये मी तीनदा भात घेतला.

होस्टेलवर माझ्या खोलीत शबाना होती. ब्रह्मपुरीची, टेलरची पोरगी. मी सरांना हो म्हटल्याचं कळलं तशी ती भडकली.

"काऊन हो म्हटलं तू?"

"नाई म्हटलं असतं तर गाईड कोण भेटला असता मले?"

 तिलाही माहीत होतं.

विषय ठरला. माडिया बोलणं ओळखून लिहून देणारं मशीन. विषय वाईट नव्हता. माझ्या भाषेची मला लाजही नव्हती. पण मशीनचं सगळं काम सरांचा पीएच.डी.चा विद्यार्थी करणार होता. माझं काम एकच. गावात जायचं आणि आवाज रेकॉर्ड करून आणायचे.

"तू कच्चा माल आण," सर म्हणाले. "पुढचं आम्ही बघतो."

उन्हाळा होता. माय अंगणात वाळलेली मोहाची फुलं गोळा करत होती. मी मोबाईल तिच्यासमोर ठेवला. काय बोलू, तिनं विचारलं. काहीबी बोल, मी म्हटलं. ती बोलत राहिली. कोंबड्या, धानाचं बी, शेजारणीचं भांडण. आणि बोलता बोलता माझ्या धाकट्या बहिणीवर आली.

मी आश्रमशाळेत होते तेव्हा बहीण गेली. कशी गेली, ते मला कोणी नीट सांगितलं नव्हतं. माय त्या दिवशी सांगत होती. ताप होता. नाल्याला पूर होता. बाबा आणि काका खाटेची डोली करून तिला दवाखान्यात घेऊन निघाले. पाण्यात खाट डोक्यावर धरली. पलीकडे टेकवली तेव्हा ती थंड पडली होती. सांगता सांगता माय रडायला लागली. मेलेल्या पोरीशी बोलत बोलत, सुरात, जसं आमच्याकडे रडतात तसं.

मोबाईल बंद करायचं मला सुचलं नाही.

कॉलेजात सगळ्या फायली दिल्या तेव्हा मायच्या रडण्याची ती वेगळी ठेवली. सरांना तोंडावर सांगितलं, "ही नको सर. घरची आहे."

"बरं," सर म्हणाले. फायली उतरवून घ्यायला माझा लॅपटॉप त्यांच्या विद्यार्थ्याकडे होता. त्यानं सगळंच उचललं.

मग बाहेरून पाहुणे आले. लॅबमध्ये खुर्च्या, चहा, पुष्पगुच्छ. सरांनी मशीन चालवून दाखवायला सांगितलं. स्पीकरमधून पहिला श्वास आला आणि मला कळलं. माय.

पडद्यावर शब्द उमटत होते. निम्मे चुकीचे. खाटेच्या जागी भलतंच काहीतरी. रडणं सुरू झालं तसे शब्द थांबले.

"इथून पुढे नॉइज आहे सर," तो विद्यार्थी म्हणाला. "कापून टाकू."

पाहुण्यांतल्या एक बाई पुढे झुकल्या. "किती गोड आहे. गाणं आहे का?"

"लोकगीत," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "ही आमची तिकडचीच आहे. चल, भाषांतर करून सांग मॅडमना."

सगळे माझ्याकडे बघत होते. बशीत बिस्किट घेऊन. माय अजून रडत होती.

"नाही सांगणार."

"काय?"

"ती माझी माय आहे. मेलेल्या पोरीसाठी रडते आहे. बंद करा."

कोणी हललं नाही. मी उठले आणि स्पीकरची वायर उपटली.

सर पाहुण्यांकडे बघून हसले. "जरा इमोशनल असतात ही मुलं."

नंतर केबिनमध्ये बोलावलं. हसू गेलं होतं.

"कोट्यातून आलीस ना? मग कोट्यात राहायचं. माफी माग, नाहीतर दुसरा गाईड शोध."

"माझ्या मायचा आवाज परत द्या."

"कॉलेजच्या मशीनवर आहे तो. आता कॉलेजचा झाला."

मी माफी मागितली नाही. दुसरा गाईड मिळाला नाही. एका मॅडमनी दार लावून सांगितलं, "तुझं बरोबर आहे गं, पण मला इथे नोकरी करायची आहे." माझ्या वर्गातल्या सगळ्यांचे प्रबंध जमा झाले. माझं वर्ष गेलं. त्या मशीनवर माय अजून आहे. कोणासमोर रडते आहे, मला माहीत नाही.

तिला मी हे अजून सांगितलेलं नाही. फोनवर सांगायची गोष्ट नाही ही. गावी जाऊन, तिच्यासमोर बसून, आमच्या भाषेत सांगेन. शिव्या दिल्या तर खाईन.

तो आवाज काढून टाका, असं मी कॉलेजला लिहून दिलं आहे. उत्तर नाही. पुन्हा देईन. वर जाईन. त्याच्याही वर जाईन. रोज सकाळी लॅबमध्ये कोपऱ्यातल्या मशीनवर बसते आणि माझं कंपायलरचं काम करते. गाईड नाही, सही नाही. कोणी विचारलं की जंगलाचं, आदिवासींचं यात काय आहे, तर सांगते, काही नाही.

अजून एक वर्ष गेलं तर जाऊ दे. डिग्री घेऊन जाईन किंवा तिच्याशिवाय जाईन. कोणाचा नमुना होऊन इथून जाणार नाही.