ओल्यावर दुसरा हात

माझ्या दादाने आयुष्यभर नाकावर माशी बसू दिली नाही, आणि शेवटी जे बसलं ते नाकावरच. हे मी त्याच्या तोंडावर म्हटलं होतं आणि तोही हसला होता. तेव्हा आम्हा दोघांना ती साधी पुळी वाटत होती.

दादा लाकडाला पॉलिश करतो. बाजारात त्याचं खरं नाव कुणाला ठाऊक नाही, सगळे त्याला 'आरसा' म्हणतात, कारण त्याने हात फिरवलेल्या कपाटासमोर बायका उभ्या राहून केस सारखे करतात. दुकानामागच्या मोकळ्या अंगणात त्याचं काम चालतं. वर छप्पर नाही, पॉलिश उन्हात चांगलं वाळतं म्हणून. टोपी घाल रे बाबा, असं मी किती वर्षं सांगत आले, पण पालथ्या घड्यावर पाणी. टोपीची सावली कामावर पडते म्हणे. म्हणजे कपाटं झाली चकचकीत आणि ऊन सगळं बसलं याच्या नाकावर.

आई-वडील गेले तेव्हा मी फ्रॉक घालत होते. दादानेच मला वाढवलं, माझं लग्न लावलं, आणि नवरा गेल्यावर एक शब्द न विचारता माझी पेटी उचलून घरी आणली. स्वतः मात्र बिनलग्नाचा राहिला. का, ते विचारायची माझी कधी छाती झाली नाही. आता घरात दोन म्हातारी माणसं, आणि भांडायला विषय कमी पडत नाहीत. लहानपणी मी शाळेतून थेट दुकानात जायचे. तिथे त्याने मला एकच विद्या शिकवली. डोळे मिटायचे आणि मधल्या बोटाचं टोक लाकडावरून अलगद सरकवायचं. "डोळा फसतो, बोट फसत नाही," तो सांगायचा. धुळीचा एक कण पॉलिशखाली अडकला असेल तरी बोट तिथे थांबतं.

ती पुळी नाकपुडीच्या कडेला होती, मोत्यासारखी लुकलुकणारी. तोंड धुताना रक्त यायचं, खपली धरायची, पडायची, पुन्हा यायची. औषधाच्या दुकानातली दोन-तीन मलमं लावून झाली. शेवटी मी हट्टाने दवाखान्यात नेलं. तिथे पुळीचा तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि उत्तर आलं ते कॅन्सर.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला सरळ. म्हणाल्या, हा कातडीचा कॅन्सर सावकाश वाढणारा आहे, सहसा शरीरात दुसरीकडे पसरत नाही, पण जिथे बसतो तिथलं खात जातो. कापायचं तर अर्धी नाकपुडी काढून कानामागची कातडी लावावी लागेल. दादाचं हृदय अधू, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. त्याला टेबलावर घ्यायलाच त्या कचरत होत्या.

"नाक कापून घ्यायला मी असं काय केलंय हो?" दादाने विचारलं.

बाईंना हसू आवरलं नाही. मग त्यांनी दुसरा मार्ग सांगितला. काही किरण असे असतात की ते कातडीपुरतेच जातात, खोल शिरत नाहीत. चाकू नाही, टाके नाहीत, भूल नाही. ठरल्या दिवशी यायचं, थोडा वेळ झोपायचं आणि घरी जायचं. "फक्त मधे खाडा नको, आजोबा. आणि एक लक्षात ठेवा, त्याच जागेवर हे किरण पुन्हा पुन्हा देता येत नाहीत. परत उगवलं तर कापण्यावाचून इलाज नाही, आणि ते तुमच्या हृदयाला झेपेल याची खात्री मी देऊ शकत नाही."

दादाने मान डोलावली. मीही डोलावली.

पहिल्या दिवशी मी सोबत होते. खोली थंड, मधोमध उंच टेबल, आणि त्यावर वाकलेला यंत्राचा हात. मशीनवाल्या ताईंनी दादाच्या चेहऱ्यावर शिशाचा पत्रा ठेवला. त्याला भोक होतं, नेमकं त्या डागाएवढं. डोळ्यांवर शिशाच्या वाट्या, नाकपुडीत शिशाचाच छोटा तुकडा. मग ताई मला म्हणाल्या, "चला मावशी, आपण बाहेर." जाड दार लागलं. काचेतून मला फक्त त्याचे पाय दिसत होते, मोज्याच्या भोकातून अंगठा बाहेर आलेला. ज्याने मला कधी कुठे एकटं सोडलं नाही, त्याला आत एकटं ठेवून मी पर्स छातीशी धरून उभी होते. कुठला तरी गुणगुणाट झाला आणि थांबला.

"काहीच झालं नाही," बाहेर येऊन तो म्हणाला. "फसवतात की काय आपल्याला?"

नंतर माझा गुडघा सुजला आणि तो एकटाच जाऊ लागला. हळूहळू नाक लाल झालं, कातडी सोलवटली, पाणी सुटलं, वर पिवळी खपली आली. असं होणार हे बाईंनी आधीच सांगितलं होतं, बरं होण्याआधी बिघडल्यासारखं दिसेल म्हणून. मी रोज मलम लावायचे. दादा समोरच्या कपाटाच्या दारात स्वतःला बघत राहायचा.

एके दिवशी दवाखान्यातून फोन आला. मशीनवाल्या ताई होत्या.

"मावशी, आजोबांची तब्येत बरी आहे ना? गेला आठवडाभर आले नाहीत."

"अहो, असं कसं? रोज वेळेवर निघतात की घरातून!"

फोन ठेवला आणि तशीच लंगडत दुकानात गेले. स्वारी मागच्या अंगणात स्टुलावर बसलेली, नाक उन्हाकडे करून! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दादा, दवाखाना सोडून इथे काय करतोयस?"

"वाळवतोय," तो शांतपणे म्हणाला.

"काय?"

"अगं, बघ ना कसं ओलं आहे. ओल्यावर दुसरा हात मारत नाहीत. वर पापुद्रा धरतो, आत ओल तशीच राहते आणि मग सगळंच सुटून येतं. ती पोरं शिकलेली आहेत, पण घाई करतात. जरा सुकू दे, मग जातो."

ही अक्कल मी लहानपणापासून त्याच्याच तोंडून ऐकत आले होते, आणि लाकडाच्या बाबतीत ती कधी खोटी ठरल्याचं मी पाहिलं नव्हतं. त्याला काय म्हणून ओरडणार होते मी? हाताला धरून उठवलं आणि दवाखान्यात घेऊन गेले, एवढंच.

डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, "आजोबा, टेबल तुम्ही वाळायला ठेवलंत, तर ते आहे तसंच राहतं. लाकूड मेलेलं असतं. हे जिवंत आहे. तुम्ही सुट्टी घेतलीत, पण त्याने नाही घेतली."

दादाने मान खाली घातली. त्याला असं बसलेलं मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं आणि मला ते बघवेना.

"पण अजून उपयोग होईल ना?" मी विचारलं.

"थोडे दिवस वाढवू आणि नेटाने पूर्ण करू," बाई म्हणाल्या. मी जे विचारलं होतं, त्याचं उत्तर हे नव्हतं.

पुढे त्याने एकही खाडा केला नाही. वेळेच्या आधी जाऊन बाकावर नाक मुठीत धरून बसायचा. किरण देऊन संपले, खपली पडली, खालून गुलाबी कातडी आली, मग तीही फिकट पडली. बाईंनी भिंगातून पाहून "छान" म्हटलं आणि अधूनमधून दाखवायला यायला सांगितलं. दादाने अख्ख्या बाजाराला नाक दाखवलं. आणि नवल म्हणजे टोपी घालायला लागला. सावली कामावर पडते म्हणून कुरकुरायचा, पण घालायचा.

असे बरेच महिने बरे गेले. काल जेवण झाल्यावर तो खिडकीशी माझ्यासमोर येऊन बसला. आज दवाखान्यात दाखवायला जायचं होतं.

"बघ गं जरा."

मी चष्मा शोधू लागले.

"चष्मा नको. शिकवलंय तसं बघ."

त्याने डोळे मिटले, मीही मिटले. मधल्या बोटाचं टोक त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून अलगद खाली आणलं. कातडी गुळगुळीत होती, त्याने स्वतः घासली असती इतकी. नाकपुडीच्या कडेला वळले, आणि तिथे, जुन्या डागाच्या अगदी काठावर, धुळीच्या कणाएवढं काहीतरी होतं. मी बोट पुढे नेलं, गालापर्यंत नेलं, आणि डोळे उघडले.

"छान आहे," मी म्हटलं. "एकदम साफ."

दादाचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"बोट थांबलं तुझं," तो म्हणाला.