तेहतीसवर चालणारं मशीन

कॉम्प्युटरच्या खोलीत जाताना चप्पल बाहेर काढायची, असा आमच्या कॉलेजचा नियम होता. दारावर तशी पाटीच होती. नव्यानं शिकवायला आलेल्या गडदे मॅडम दुसऱ्याच दिवशी चपलांसकट आत शिरल्या. शिपायानं हटकलं, तर म्हणाल्या, "तुमचं अर्थिंग धड न्हाई. अनवाणी पायानं या डबड्याला हात लावला की मला करंट बसतो. तुला बसवून बघू का?" शिपाई मागे सरकला. मी तिथं हिशेबनीस होतो. शेजारच्या खोलीतून हे ऐकलं आणि तेव्हाच मनात आलं की या बाईंचं इथं अवघड आहे.

विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न लोंबकळत होता, त्या वर्षांतली ही गोष्ट. आमचं खाजगी ज्युनिअर कॉलेज देवगाव फाट्याच्या अलीकडं, रस्त्याला लागून. मॅडम चारठाण्याकडच्या. वडील मेंढरं राखायचे, आणि या औरंगाबादला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आलेल्या. आवाज मोठा, तोंड फटकळ. नोकरी अजून कायम झालेली नव्हती. ती जागा संस्थेच्या सचिवांना आपल्या पुतण्यासाठी हवी होती आणि हे लपूनही नव्हतं. सचिवांना सगळे अण्णा म्हणत. मॅडम 'सर' म्हणायच्या. तेही अण्णांना खुपायचं.

कॉलेजात मशीन एकच. मुलांनी लिहिलेला प्रोग्रॅम तपासायला ते इतका वेळ घ्यायचं की निम्म्या वर्गाचा नंबरच लागायचा नाही. बोरी गावाहून येणाऱ्या मुली तर एस.टी. चुकायला नको म्हणून मशीनला हात न लावताच उठायच्या. मॅडम चिडायच्या, पण मुलींवर कधी नाही. "फी भरून मशीनचं दर्शन घ्यायलेत लेकरं! देऊळ हाय का हे?"

नवं मशीन मागितलं, ते मिळालं नाही. मग त्यांनी दुसरा उपाय काढला. मशीनचा मुख्य भाग म्हणजे प्रोसेसर. तो किती वेगानं चालायचा, हे आतली एक छोटी धातूची डबी ठरवते. तिला क्रिस्टल म्हणतात. आमचा प्रोसेसर पंचवीस मेगाहर्ट्झच्या वेगाचा होता. परभणीच्या एका दुरुस्तीवाल्याकडून मॅडमनी जास्त वेगाच्या दोन डब्या आणल्या. एक तेहतीसची, एक चाळीसची. प्राचार्यांना विचारलं. ते म्हणाले, "करा, पण मला काही सांगू नका."

आधी चाळीसची लावली. मशीन सुरू झालं, भराभर चाललं, मुलांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी मात्र मला हाक मारली. "भाऊसाहेब, तुमच्याकडच्या बेरजा आणा. मोठ्यात मोठ्या. पुन्हा पुन्हा घालू." दुपारच्या उन्हात, मशीन तापावं म्हणून खोलीतला पंखा बंद करून, त्याच बेरजा आम्ही मशीनला घालत राहिलो. उत्तरं मी पडताळून पाहत होतो. एका बेरजेला शेवटचा आकडा चुकला. मशीन थांबलं नव्हतं, तक्रार केली नव्हती. चुकीचं उत्तर देऊन बिनदिक्कत पुढं गेलं होतं. मॅडम रागानं लाल झाल्या. "बंद पडलं आसतं तर माफ केलं आसतं मी. हे खोटं बोलायलंय!" त्यांनी ती डबी उपटली आणि तेहतीसची बसवली.

तेहतीसवर आम्ही अख्खा उन्हाळा तपासत राहिलो. एकही उत्तर चुकलं नाही, एकदाही मशीन अडलं नाही. मुलं म्हणायची, मॅडम, पस्तीस-छत्तीसची डबी मिळते का बघा. तेव्हा त्या म्हणायच्या, "आमचा बा कळप हाकताना पुढच्या मेंढराकडं बघत न्हाई, मागच्या कोकराकडं बघतो. ते दमायच्या आत थांबायचं. लय हावरेपणा नको." त्या पावसाळ्यापासून बोरीच्या मुलींचा नंबर लागायला लागला.

मग खंडेनवमी आली. अवजारांची पूजा होते, तशी कॉम्प्युटरचीही करायची, असं अण्णांनी ठरवलं. एक पुढारी पाहुणे म्हणून येणार होते. मशीनला हळदकुंकू लावलं, मागच्या पंख्यावर झेंडूची माळ घातली, वरून भरजरी शाल पांघरली. पडद्यावर 'वेलकम' झळकत राहावं म्हणून सकाळपासून मशीन चालू. पाहुणे आले दुपारी.

मॅडम दोनदा सांगून आल्या. "सर, शाल काढा. त्याला वारं लागतं. जीव गुदमरायलाय त्याचा."

"बाई, देवाच्या कामात आडव्या येऊ नका," अण्णा म्हणाले.

"देवाला शाल घाला की. मशीनला कशाला?"

पाहुण्यांनी नारळ फोडला आणि पडदा काळा झाला. अण्णांना पाहुण्यांसमोर तोंड दाखवायला जागा उरली नाही. सगळ्यांदेखत ते ओरडले, "मेंढरं हाकणारीच्या हातात मशीन दिल्यावर दुसरं काय होणार!"

मॅडमनी शाल ओढून काढली. "थंड होऊ द्या. घंट्याभरात चालू करून दावते."

त्यांना ते करू दिलं नाही. चौकशी होईपर्यंत हात लावायचा नाही असा हुकूम निघाला आणि खोलीला सील लागलं. चौकशी समितीत अण्णांचीच माणसं. मला बोलावलं, तेव्हा उन्हाळाभराच्या बेरजांचं सगळं सांगितलं. एकानं जांभई दिली. प्राचार्य म्हणाले, मला कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी मॅडमपुढं माफीचा कागद ठेवला: वेग वाढवल्यामुळं मशीन जळालं. सही केली तर नोकरी राहील.

मॅडमनी तो माझ्यासमोर वाचला. "वेग वाढवला, हे खरं हाय. त्याच्याखाली सही करते. जळालं हे खोटं हाय. आन् शालीचं कुठंय ह्यात?"

"बाई, एका ओळीसाठी नोकरी घालवता?" अण्णा म्हणाले.

"मी न्हाई घालवायले. तुमी घालवायलात."

त्या निघून गेल्या. महिन्याभरानं औरंगाबादहून मशीनच्या कंपनीचा माणूस आला, सील काढलं, बटण दाबलं. मशीन सुरू झालं. त्यानं सगळं तपासलं आणि म्हणाला, यात बिघाड काहीच नाही. अण्णांनी त्याच्यासाठी चहा मागवला आणि जुनी पंचवीसची डबी परत बसवून घेतली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजही हे लिहिताना जाते.

रविवारी मी मॅडमच्या गावी गेलो. त्या मेंढवाड्याबाहेर मेंढरांना पाणी दाखवत होत्या. मी सगळं सांगितलं.

"मला कशाला सांगाया आलात? मला म्हाईतच होतं." बादली आपटून त्या वळल्या. "पोरींना कुणी सांगितलं का? त्या समजायल्या आसतील, मॅडमनं मशीन जाळलं."

कुणीच सांगितलं नव्हतं. सोमवारी त्यांच्या तासाला मी कॉम्प्युटरच्या खोलीत गेलो आणि उभ्यानं सगळं सांगितलं: वेग, बेरजा, शाल, औरंगाबादचा माणूस. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "भाऊसाहेब, मग मॅडम कवापासून येणार?"

नवे सर दारातच उभे होते, अण्णांचे पुतणे. चप्पल बाहेर काढून, माझं आटोपायची वाट बघत.